चष्म्यासह व्ह्यूफाइंडर वापरताना

चष्मा लावणाऱ्या माणसाने कॅमेरा डोळ्याला लावला की मधला भाग स्वच्छ दिसतो आणि कोपरे गायब होतात. खालच्या पट्टीतील शटर स्पीडचे आकडे वाचायचे तर मान किंचित उचलावी लागते, आणि ते वाचून होईपर्यंत चौकटीची वरची कड दिसेनाशी झालेली असते. नंतर छायाचित्र मोठ्या पडद्यावर पाहिले की कडेला कोणाचा तरी अर्धा हात किंवा विजेच्या खांबाचा तुकडा आढळतो, जो टिपताना दिसलाच नव्हता. पुष्कळ जण याचा दोष आपल्या नजरेला देतात. माझ्या मते हा प्रश्न नजरेचा थोडा आणि अंतराचा फार आहे, आणि ते अंतरही जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे असते.

व्ह्यूफाइंडर म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायची खिडकी. तिच्या मागच्या काचेपासून डोळा जास्तीत जास्त जितका लांब ठेवूनही संपूर्ण चौकट एका दृष्टिक्षेपात दिसते, त्या अंतराला आय पॉइंट म्हणतात. काही माहितीपत्रकांत त्यालाच आय रिलीफ असेही म्हटलेले असते. डोळा त्याहून मागे गेला की चौकटीच्या कडा कापल्या जाऊ लागतात. कुलपाच्या भोकाला डोळा लावला तर खोली दिसते, डोके वीतभर मागे घेतले तर तिचा एक तुकडाच उरतो, तसाच हा प्रकार आहे.

आता चष्म्याचा हिशेब पाहू. चष्म्याची काच डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापासून साधारणतः १२ ते १४ मिलिमीटर लांब असते. काचेची जाडी २ मिलिमीटर धरली आणि बाहुली त्या पारदर्शक पडद्याच्या मागे सुमारे ३ मिलिमीटर असते हे लक्षात घेतले, तर बेरीज १७ ते १९ मिलिमीटर होते. म्हणजे चष्म्याची काच कॅमेऱ्याच्या काचेला अक्षरशः टेकवली तरी एवढे अंतर राहणारच, आणि प्रत्यक्षात मध्ये आयकपची, म्हणजे व्ह्यूफाइंडरभोवतीच्या रबरी आवरणाची, कडही असते. म्हणून आय पॉइंट २० मिलिमीटरच्या आत असेल तर चष्म्यासह चारही कोपरे एकदम दिसण्याची अपेक्षा न धरलेली बरी. निकॉन डी८५० चा आय पॉइंट १७ मिलिमीटर आहे, तर त्याच कंपनीच्या डी७५० चा २१ मिलिमीटर. पहिल्यात प्रतिमा ०.७५ पट आणि दुसऱ्यात ०.७ पट आकाराची दिसते (या आकड्याला वाढ म्हणतात), आणि मेख इथेच आहे: प्रतिमा जितकी मोठी दाखवावी तितका डोळा जवळ न्यावा लागतो. त्यामुळे ‘मोठा व्ह्यूफाइंडर’ ही जाहिरात चष्मेवाल्याने जरा सावधपणेच वाचावी.

हा विचार काही नवा नाही. निकॉनने १९८२ मध्ये एफ३ एचपी हा कॅमेरा आणला, त्यातील एचपी ही अक्षरे ‘हाय आयपॉइंट’ची होती, मूळ एफ३ ची ०.८ पट वाढ थोडी कमी करून ०.७५ पट केली आणि त्या बदल्यात डोळा २५ मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसू लागली. रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नव्हे तर वेगळ्या खिडकीतून दृश्य दाखवणारे कॅमेरे, वापरणाऱ्यांमध्येही हीच देवाणघेवाण चालते. लायका एम६ टीटीएल हा कॅमेरा ०.५८, ०.७२ आणि ०.८५ अशा तीन वाढींत मिळत असे, आणि रुंद दृश्य टिपणाऱ्या २८ मिलिमीटर लेन्सची चौकट चष्म्यातून पाहायची असेल तर ०.५८ चा पर्याय अधिक सोयीचा पडत असे.

आय पॉइंटचा आकडा वाचताना एक बारकावा लक्षात ठेवावा. काही कंपन्या तो आकडा आतल्या काचेपासून देतात, काही त्या काचेभोवतीच्या बाहेरच्या कडेपासून, तर काही दोन्ही देतात. सोनीच्या ए७ थ्री या कॅमेऱ्याचा आकडा काचेपासून २३ मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेपासून १८.५ मिलिमीटर आहे. काच जेवढी आत बसवलेली असते तेवढे अंतर चष्मेवाल्याच्या हाती लागत नाही. दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणापासून मोजलेले आहेत ना, हे आधी पाहावे.

डायऑप्टर जुळवणे

व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक लहानसे चाक किंवा सरकती कळ असते. ते डायऑप्टरचे चाक होय, आणि त्याचा छायाचित्राच्या फोकसशी थेट संबंध नसतो. ते फक्त व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसावी म्हणून असते. अनेक डीएसएलआरमध्ये (आरशाद्वारे लेन्समधले दृश्य थेट दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) त्याची मर्यादा मायनस ३ ते प्लस १ आणि अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत (आरसा नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरच्या) मायनस ४ ते प्लस २ एवढी असते.

पहिला नियम असा की, ज्या स्थितीत कॅमेरा वापरणार त्याच स्थितीत चाक फिरवावे. चष्मा लावून छायाचित्रे काढणार असाल तर चष्मा लावूनच जुळवावे, आणि दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर ज्या डोळ्याने पाहता त्याच डोळ्याने जुळवावे. दुसरा नियम असा की, समोरच्या दृश्याकडे पाहून चाक फिरवू नये. डीएसएलआर असेल तर लेन्स एखाद्या कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे, मात्र सूर्यापासून दूर, वळवून फोकस मुद्दाम बिघडवावा, म्हणजे डोळ्यापुढे केवळ फोकस पॉइंटचे लहान चौकोन आणि खालचे आकडे राहतील. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असेल तर मेनू उघडून त्यातील सर्वांत बारीक अक्षरांवर लक्ष ठेवावे.

फिरवण्याची दिशाही महत्त्वाची आहे. आधी खिडकीबाहेर किंवा लांबवर दहा-पंधरा सेकंद पाहून डोळा सैल होऊ द्यावा. मग चाक प्लसच्या टोकाला नेऊन प्रतिमा पूर्ण धूसर करावी आणि तिथून हळूहळू मायनसकडे यावे. अक्षरे ज्या ठिकाणी पहिल्यांदा धारदार दिसतील तिथेच थांबावे. उलट बाजूने, म्हणजे मायनसकडून सुरुवात केली तर डोळ्यातील स्नायू स्वतःच जोर लावून प्रतिमा स्पष्ट करून घेतात, चाक चुकीच्या जागी असूनही सगळे ठीक वाटते, आणि तासाभराने भुवईमागे ठणका सुरू होतो. जुळवून झाल्यावर पुन्हा एकदा लांब पाहावे आणि चटकन व्ह्यूफाइंडरमध्ये डोकावावे. अक्षरे तत्क्षणी स्पष्ट दिसली तर काम झाले. स्पष्ट व्हायला क्षणभर लागला तर आणखी किंचित फिरवावे.

हे चाक पिशवीतून काढता-घालताना सहज फिरते. मी एकदा अख्खी दुपार नव्या लेन्सला दोष देत घालवली होती. प्रत्येक वेळी फोकस लागल्याचा आवाज येई, हिरवा ठिपका दिसे, पण प्रतिमा मात्र साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखी. शेवटी कंटाळून मागच्या स्क्रीनवर छायाचित्र मोठे करून पाहिले तर पापणीचे केसही मोजता येतील इतके ते स्वच्छ होते. बिघाड लेन्समध्ये नव्हता, चाकात होता. तेव्हापासून चाकावर आणि शेजारच्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या शाईचा एकेक ठिपका दिला आहे; दोन ठिपके समोरासमोर असले की मी पुढे विचार करत नाही.

मग चष्मा काढूनच टाकला तर?

नंबर मायनस १ ते मायनस ३ च्या आसपास असेल आणि सिलिंडर नंबर नसेल किंवा अगदी थोडा असेल, तर चष्मा काढून डायऑप्टरनेच काम भागवता येते. डोळा थेट आयकपला टेकतो, चारही कोपरे दिसतात आणि बाहेरचा उजेडही आत शिरत नाही. नंबर चाकाच्या मर्यादेपलीकडचा असेल तर काही कॅमेऱ्यांसाठी व्ह्यूफाइंडरवर बसवायच्या जादा नंबरच्या काचा मिळतात. त्या घेताना मात्र आपल्या चष्म्याचा नंबर सांगून मोकळे होऊ नये, कारण निकॉनसारख्या कंपनीच्या काचेवर लिहिलेला नंबर कॅमेऱ्याचे चाक मध्यस्थितीत, म्हणजे मायनस १ वर असताना मिळणारा एकूण नंबर असतो. शक्य असेल तर काच बसवून, डोळा लावून पाहावी आणि मगच घ्यावी.

सिलिंडर नंबर असणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. डायऑप्टरचे चाक सर्व दिशांना सारखीच दुरुस्ती करते, तर सिलिंडर नंबर हा एका विशिष्ट दिशेचा दोष असतो. त्यामुळे चाक कितीही फिरवले तरी उभ्या रेषा स्पष्ट झाल्या की आडव्या पसरतात आणि आडव्या जुळवल्या की उभ्या. अशांनी चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स ठेवणेच शहाणपणाचे.

चष्मा काढण्याची खरी अडचण मात्र काढ-घालीची आहे. छायाचित्रकार जितका वेळ व्ह्यूफाइंडरमध्ये पाहतो त्याच्या कितीतरी पट वेळ उघड्या डोळ्यांनी आजूबाजूला पाहत असतो. पुढचे छायाचित्र कुठे आहे हे त्याला तिथेच कळते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवला तरी तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी गुंततो, आणि कपाळावर चढवला तर नेमक्या क्षणी घसरून आयकपवर आपटतो. शांत बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र किंवा तिपाईवरून निसर्गदृश्य टिपताना चष्मा जरूर काढावा; लग्न, मैदान, रस्ता अशा ठिकाणी तो नाकावरच राहू द्यावा, असे माझे मत आहे.

चाळिशी लागल्यानंतर

चाळिशीचा चष्मा आणि व्ह्यूफाइंडर यांचा संबंध अनेकांना उलटा वाटतो. व्ह्यूफाइंडर डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतो, म्हणून जवळचा चष्मा लागेल असे वाटणे साहजिक आहे; पण आतील भिंगांमुळे ती प्रतिमा साधारण एक मीटरवर असल्यासारखी डोळ्याला दिसते. म्हणून ज्यांना फक्त वाचायचा चष्मा आहे त्यांनी तो काढून उघड्या डोळ्याने डायऑप्टर जुळवावा, आणि लांबचाही नंबर असेल तर लांबच्या चष्म्यासह चाक मध्यस्थितीपासून थोडे प्लसकडे न्यावे. एवढ्याने व्ह्यूफाइंडर आणि समोरचे जग, दोन्ही एकाच चष्म्यातून स्पष्ट दिसतात.

उरतो तो मागचा स्क्रीन आणि बटणांवरची बारीक चिन्हे. इथे मिररलेस कॅमेऱ्याचा मोठा फायदा आहे, कारण काढलेले छायाचित्र आणि संपूर्ण मेनू व्ह्यूफाइंडरमध्येच पाहता येतो; वाचायचा चष्मा शोधण्याची वेळच येत नाही. डीएसएलआर वापरणाऱ्यांनी नेहमीची बटणे बोटांच्या सवयीवर सोपवावीत.

प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचा आणि खालचा जवळचा असतो. कॅमेरा डोळ्याला लावताना हनुवटी वर गेली तर नजर नकळत खालच्या भागातून जाते आणि जुळवलेला डायऑप्टर बिघडल्यासारखा वाटतो. त्यामुळे हनुवटी किंचित खाली ठेवून काचेच्या वरच्या-मधल्या भागातून पाहण्याची सवय लावावी आणि चाकही त्याच स्थितीत जुळवावे. खालच्या दोन कोपऱ्यांकडे नजर नेली की ते थोडे पुसट दिसणारच. ते काचेच्या रचनेतच असते, त्यासाठी चाकाशी झटापट करू नये.

कॅमेरा धरण्याची पद्धत

चष्मा नसलेला माणूस कॅमेरा भुवईवर दाबून धरतो, आणि दोन हातांखेरीज तो तिसरा आधार त्याला मिळतो. चष्मेवाल्याने तसेच दाबले तर फ्रेम नाकात रुतते, नाकावरचे पॅड वाकतात आणि काच पापण्यांना लागून तेलकट होते. त्याऐवजी आयकपची वरची कड फ्रेमच्या वरच्या काठावर आणि भुवईवर हलकेच टेकवावी, हातांची कोपरे बरगड्यांशी घट्ट ठेवावीत, डावा तळवा लेन्सखाली घ्यावा आणि कॅमेऱ्याचे वजन चेहऱ्यावर न टाकता त्या तळव्यावर पेलावे. चेहऱ्याचा आधार कमी झाल्यामुळे हात थोडा अधिक हलतो, म्हणून शटर स्पीड एक पायरी जास्त ठेवणे बरे.

चौकटीचे कोपरे एकदम दिसत नसतील तर ते एकामागून एक पाहावेत. मधला विषय पक्का झाला की डोळा, आणि गरज पडल्यास डोके, अगदी थोडे डावीकडे-उजवीकडे फिरवून चारही कडांवरून एक फेरी मारावी आणि मगच शटर पूर्ण दाबावे. सुरुवातीला या फेरीला दोन सेकंद लागतात, नंतर ती आपोआप होते. काही मिररलेस कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरमधील चित्र थोडे लहान करून मध्यभागी दाखवण्याची सोय असते. चष्मेवाल्यांनी ती मेनूत शोधून चालू करावी, कारण थोड्या लहान पण पूर्ण चौकटीची सर मोठ्या आणि कापलेल्या चौकटीला येत नाही. चष्मा विकत घेतानाही छोट्या आणि सपाट फ्रेमचा विचार करावा, आणि नाकावरचे पॅड चष्म्याच्या दुकानातून असे बसवून घ्यावेत की काच चेहऱ्याच्या शक्य तितकी जवळ येईल, मात्र पापण्यांना लागणार नाही. दोन मिलिमीटर इथे वाचले तर ते थेट कोपऱ्यांत दिसतात.

डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचे नाक मागच्या टचस्क्रीनवर टेकते आणि फोकस पॉइंट भलतीकडे पळतो. स्पर्शाचे क्षेत्र नाक टेकत नाही अशा भागापुरते ठेवता येत असेल तर तसे करावे, अन्यथा ती सोय बंदच करावी.

कॅननने १९९२ मध्ये ईओएस ५ या कॅमेऱ्यात आणि पुढे २०२१ मध्ये ईओएस आर३ मध्ये नजर जिथे जाईल तिथे फोकस नेण्याची सोय दिली. बाहुली कुठे वळली हे ओळखण्यात चष्म्याच्या काचेचा अडथळा येऊ शकतो, म्हणून असा कॅमेरा असेल तर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे आपली नजर ओळखण्यासाठीची जुळणी, चष्मा लावून करावे, आणि चष्म्याविना वापरायचा असेल तर त्यासाठी वेगळे करावे.

ओरखडे, उजेड आणि वाफ

चष्म्याच्या प्लॅस्टिक काचेवर ओरखडा पडतो तो बहुधा रबरामुळे नव्हे, तर रबरावर बसलेल्या धुळीच्या कणामुळे. रबर उन्हाने आणि घामाने कडक होते, त्याच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि त्यांत रेतीचे कण अडकतात. माझ्या उजव्या काचेवर अर्धवर्तुळाकार पुसट ओरखडा आहे, जो आयकपच्या खालच्या कडेशी तंतोतंत जुळतो. तो लक्षात येईपर्यंत मी रोज तीच काच कापडाने घासून ‘डाग’ काढण्याचा प्रयत्न करत होतो. आयकप आठवड्यातून एकदा काढून साध्या पाण्याने धुवावा, पूर्ण वाळवावा, आणि बोट फिरवल्यावर खरखर लागली तर बदलून टाकावा. जुन्या कॅमेऱ्यांवर व्ह्यूफाइंडरभोवती धातूचे उघडे कडे असते. त्यावर पातळ रबरी कडी बसवल्याशिवाय असा कॅमेरा चष्म्याला लावू नये. व्ह्यूफाइंडरची काच मात्र आधी ब्लोअरने झटकावी आणि मगच मऊ कापडाने पुसावी.

चष्मा आणि आयकप यांच्या फटीतून उजेड येतो. सूर्य पाठीमागे असेल तर तो चष्म्याच्या आतल्या बाजूवर परावर्तित होऊन प्रतिमा फिकी करतो. डाव्या हाताने कॅमेरा पेलता येत असेल तर उजवा हात शटरवर जाण्यापूर्वी क्षणभर कपाळापाशी आडवा धरावा, किंवा टोपीचा पुढचा भाग बाजूला वळवावा. डीएसएलआरमध्ये या उजेडाचा परिणाम एक्सपोजरच्या, म्हणजे छायाचित्राला किती उजेड द्यायचा याच्या, मोजणीवरही होऊ शकतो, त्यामुळे कॅमेरा तिपाईवर ठेवून डोळा दूर घेतला असेल तर व्ह्यूफाइंडर झाकावा. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिल्यास काही स्क्रीन कॅमेरा उभा धरताच काळे पडतात. तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. उन्हात काळ्या होणाऱ्या काचांमुळे दृश्य प्रत्यक्षापेक्षा गडद भासते, म्हणून अशा वेळी डोळ्याऐवजी हिस्टोग्रामवर, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराच्या आलेखावर, विश्वास ठेवावा.

थंड हवेत श्वासाची वाफ चष्म्यावर आणि व्ह्यूफाइंडरवर एकाच वेळी धरते. शटर दाबण्याआधीचा श्वास तोंडाने खालच्या दिशेने सोडावा, नाकाने सोडू नये.

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी तो आपल्याच चष्म्यासह डोळ्याला लावून पाहावा. दरवाजाची किंवा खिडकीची चौकट व्ह्यूफाइंडरच्या कडांशी बरोबर जुळवावी, चारही कोपरे आणि खालचे आकडे डोके न हलवता किती दिसतात ते तपासावे, आणि मग कॅमेरा उभा धरून तेच पुन्हा करावे, कारण आडव्या चौकटीत जुळणारे कोपरे उभ्या चौकटीत चष्म्याच्या फ्रेमच्या काठाआड जाऊ शकतात.